शेऱ्याचा रकाना

खिडकी उत्तरेला आहे, मुद्दाम.
ऊन लोखंडाविषयी खोटं बोलतं;
ल्युब्लियानाचं नोव्हेंबरचं धुकं बोलत नाही.

येर्नेय प्रेगेल्य टोल्मिनहून आलेत,
पिस्तूल लहान मुलाच्या टॉवेलात गुंडाळून.
टॉवेलावर बदकं आहेत. परवाना वेगळ्या पाकिटात, नीट घडी केलेला.

मी आधी बघत नाही, बोट फिरवते.
डोळा चकाकीला भुलतो,
बोट भुलत नाही.
इथे पृष्ठ सपाट हवं होतं, इथे लाट आहे.
इथे भोकाची कड धारदार हवी होती,
फिरत्या चाकाने ती आत ओढली आहे,
उशीवर डोकं टेकून उठावं तशी.

मग भिंग.
वर्षाचा आकडा: एकोणीसशे सोळा, सहाचं पोट बुजलेलं.
कारखान्याचं नाव साबणाच्या वडीवरचं,
आठवडाभराच्या आंघोळींनंतरचं.
तपासनिसाच्या शिक्क्यात गरुड होता,
त्याचं कबुतर झालंय.
काळा रंग मात्र छान. फारच छान.
लग्नाला निघालेल्या बुटासारखा.

तुम्ही ज्याला घोडा म्हणता
त्याला आमच्याकडे कोंबडा म्हणतात.
मी तो मागे ओढते, दोनदा खात्री करून की पोट रिकामं आहे.
टक्. आवाज जुना आहे, अस्सल आहे.
आवाजाला पॉलिश करता येत नाही.

"कसं झालंय?" ते विचारतात.
क्रान्यच्या कारागिराने दोन महिने घेतले,
चारशे साठ युरो.
वडिलांच्या ऐंशीसाठी नवंकोरं करून घेतलं होतं.
वडील एकोणऐंशीवर थांबले.

मला सांगावं लागतं.
गंज होता, तो याचा इतिहास होता;
खड्डे होते, ते सांगता आले असते.
जे घासलं ते परत आणायला कुठलंच दुकान नाही.
निम्म्याहून कमी, मी म्हणते,
आणि टेबलावरच्या बदकांकडे बघते.

ते काही बोलत नाहीत. मग बोलतात:
घरात याच्या तीन गोष्टी आहेत.
एक, पणजोबांचं स्वतःचं होतं.
दोन, सोचेच्या काठी कुणा मेलेल्याच्या कमरेचं काढलं.
तीन, काहीच नाही, एक दिवस रिकाम्या पोळ्याच्या पेटीत सापडलं,
आणि पणजीने झाकण परत लावलं.
"यातली खरी कुठली, ते यावरून कळतं?"

नाही कळत. नळीच्या आत खड्डे आहेत,
मिठाने खाल्ल्यासारखे,
पण ते गोळी किती सुटली ते सांगतात,
कुठे गेली ते नाही.

डाव्या मुठीचा स्क्रू मात्र कुणी हलवलेला नाही.
खाचेच्या कडा शाबूत. कारागीर कंटाळला असेल,
गंजलेला सोडून भोवतीच रंग फासलाय त्याने.
मी तेलाचा थेंब टाकते.
चाळीस मिनिटं आम्ही कॉफी पितो, पावसावर, रस्त्याच्या कामावर बोलतो.
मग तो अर्धा फेरा फिरतो, मग पूर्ण.

लाकडाची पट्टी निघते
आणि खाली निळं.
काळं नाही, निळं,
जांभळाच्या सालीवरची धूळ पुसावी तसं,
अंगठ्याएवढं, शंभर वर्षं कुणी न पाहिलेलं.
त्याच्या कोपऱ्यात तपकिरी चिकट थर.
मी वास घेते, टेबलापलीकडे सरकवते.

प्रेगेल्य नाक लावतात. डोळे मिटतात.
"मधमाशांचा डिंक," ते म्हणतात,
"आजीच्या पेट्या हिवाळ्यात अशाच वास मारायच्या."
मग अगदी हळू:
"म्हणजे तिसरी."
"म्हणजे पेटी खरी," मी म्हणते. "पहिल्या दोन खोट्या ठरत नाहीत त्याने."
"किंमत वाढते?"
"नाही."

मी पट्टी परत बसवते.
तक्त्यात लिहिते: यंत्रणा उत्तम. क्रमांक जुळतात. नळी मध्यम.
पृष्ठभाग: नंतर घासून रंगवलेला. मूळ रंग: पाच टक्के, अदृश्य.

शेऱ्याच्या रकान्यात सहसा रेघ मारते.
आज लिहिलं:
डावी मूठ पुन्हा काढू नये.